१३० डिग्रीचे काकाजी

काकाजींना “अंडं किती वेळ उकडायचं?” असं कधी विचारू नये. विचारणाऱ्याला वाटतं, दहा-बारा मिनिटं असं काहीतरी कानावर पडेल आणि आपण घरी जाऊ. काकाजी आधी खुर्ची देतात. मग विचारतात, “फ्रिजमंधलं का बाहेरचं?” पाठोपाठ वजन किती, आणलं कधी, गावरानी की पोल्ट्रीचं, आणि महिना कोणता. महिन्याचा अंड्याशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसला की काकाजी समाधानाने मागे टेकतात. आता चहा घेतल्याशिवाय तुमची सुटका नाही.

हे सगळं घडतं सिंदी मेघ्यात. वर्धा कुठे संपलं आणि सिंदी मेघे कुठे सुरू झालं हे इथे जन्मलेल्या माणसालाही बोट ठेवून दाखवता येत नाही. जनगणनेच्या हिशेबात हे शहर, कारभाराच्या हिशेबात ग्रामपंचायत. अंड्याचंही तसंच आहे. ते शाकाहारी की मांसाहारी, याचे दोन्ही बाजूंचे कागद तयार असतात आणि ज्याला जो सोयीचा तो पुढे करतो. पूर्वीच्या शेतांत लेआउट पडले, लेआउटांवर निवृत्त माणसांनी घरं बांधली, आणि निवृत्त माणसाला पेन्शनबरोबर भरपूर सकाळ मिळते. त्या सकाळीचं काय करायचं यावरून माणसं ओळखता येतात. एक जण टीडीएस मीटर खिशात घालून दारोदार पाणी तपासतो. दुसऱ्याने गच्चीवर सोलर बसवलं आहे आणि ढग आला की त्याचा चेहरा पडतो. आमच्या लेआउटच्या वाट्याला अंडं आलं.

काकाजी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्या खात्यात देवाखालोखाल एमबीला मान. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, मोजमाप पुस्तक. कालवा खोदला, पाणी सुटलं, शेतकऱ्याचं पीकही निघालं, पण एमबीत नोंद नसेल तर काम झालेलंच नाही. त्या पुस्तकात खाडाखोड चालत नाही आणि “अंदाजे” हा शब्द तर मुळीच चालत नाही. नोकरी सुटली, एमबी सुटली नाही. काकाजींनी स्टेशनरीच्या दुकानातून लांब वही आणली, स्वतः रकाने आखले आणि पहिल्या पानावर कामाचं नाव लिहिलं: “अंडी उकडणे, पाण्याविरहित, एअर फ्रायरद्वारे.”

पाण्याविरहित का, याची गोष्ट काकूंपासून सुरू होते. काकूंच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नाही. काकाजींनी आयुष्यभर अंडी खाल्ली ती साइटवर, चौकीदाराच्या चुलीवर. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी प्रोटीन कमी पडतं म्हणून रोज दोन अंडी सांगितली आणि घरात घटनात्मक पेच उभा राहिला. काकाजींनी अंड्यांसाठी वेगळा गंज आणला. काकू म्हणाल्या, “गंज तुमचा, कबूल. पण शेगडी कोणाची?” सिलिंडर तुमच्या नावावर असला म्हणून शेगडी तुमची होत नाही, हे छत्तीस गुण जुळलेल्या संसारातही उशिराच कळतं.

त्याच सुमारास पुण्याच्या मुलाने आईसाठी एअर फ्रायर पाठवला, तेल कमी खा म्हणून. काकूंनी त्यात एकदा आलूबोंडे लावले, एक फोडून पाहिला, आणि “हे का आलूबोंडा होय? हे तं वाळवण झालं” असा निकाल देऊन यंत्र पोर्चमध्ये काढलं. असं स्वयंपाकघराने नाकारलेलं यंत्र आणि स्वयंपाकघराने नाकारलेलं अंडं पोर्चमध्ये एकमेकांना भेटले.

खरं तर हे यंत्र बटाट्यासाठी जन्मलं. २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने ते पहिल्यांदा मांडलं तेव्हा सगळी वाहवा झाली ती चमचाभर तेलात होणाऱ्या फ्रेंच फ्राइजची. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, आणि खालच्या जाळीच्या टोपलीत पदार्थाभोवती फिरणारी गरम हवा, एवढाच कारभार. त्याचा मूळ कारागीर हॉलंडचा फ्रेड व्हॅन डर वेय. त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल की आपल्या यंत्राला ना गॅस लागतो, ना पाणी, ना भांडं, म्हणून विदर्भातल्या एका घरात ते सोवळं-ओवळं मिटवण्याच्या कामी येईल. मला विचाराल तर ज्या घरात एक जण अंडं खातो आणि दुसरा खात नाही, तिथे याहून सोयीची चूल नाही. तेलाची बचत वगैरे नंतरची गोष्ट.

काकाजी मात्र असं कबूल करणार नाहीत. त्यांच्या मते हा विज्ञानाचा प्रश्न आहे.

“पाण्याचं काय आहे,” ते सांगतात, “ते शंभराच्या वर जात नाही. कितीही जाळ करा. म्हणून पाण्यात अंडं उकडाले अक्कल लागत नाही.” एअर फ्रायरची हवा १३० वर ठेवली तरी अंड्याला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण हवा उष्णता पोचवण्यात पाण्याच्या पासंगाला पुरत नाही. उकळत्या पाण्यात बोट घातलं तर ओरडाल. १३० डिग्रीच्या टोपलीतून झटकन हात काढून घेता येतो. काकाजी हे प्रात्यक्षिक पाहुण्याच्या हाताने करू पाहतात. तिथे पाहुणा सावध असावा.

अंड्याचा पांढरा भाग साठ-बासष्ट डिग्रीला धरू लागतो, पिवळा त्याच्या जरा पुढे, आणि पांढरा पुरता घट्ट व्हायला ऐंशीच्या आसपास जावं लागतं. म्हणजे आतला माल ऐंशी मागतो, बाहेर १३० आहे, आणि मधल्या फरकाला “हेड” म्हणायचं की नाही यावर काकाजी एकदा स्वतःशीच दुपारभर भांडले. अखेर १३० डिग्री, सोळा मिनिटं, मग थंड पाण्यात दहा मिनिटं असं प्रमाण ठरलं. थंड पाण्याला ते क्युरिंग म्हणतात. “काँक्रीट असो का अंडं, पाणी मारलं नाही तं काम फसलं.” ते न केल्यास अंडं बाहेर काढल्यावरही आतून शिजत राहतं आणि पिवळ्याभोवती हिरवट कडं येतं. शेजारच्या वहिनींनी असं अंडं पाहून “काकाजी, बुरशी आली जी!” म्हणून टाकून दिलं होतं. काकाजींनी त्यांना अर्धा तास उभं करून समजावलं की ते पिवळ्यातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांचं मीलन आहे, खाल्लं तरी काही होत नाही. वहिनींनी ऐकून घेतलं. अंडं काही परत उचललं नाही.

आता महिन्याचा प्रश्न. वर्ध्याचा मे ज्याने काढला आहे त्याला तो विचित्र वाटणार नाही. पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा पोर्चमधल्या ट्रेमधलं अंडं निम्मं काम आपलं आपणच करून बसलेलं असतं. फ्रिजमधलं अंडं पाच डिग्रीवरून निघणार, पोर्चमधलं चाळिशीवरून. दोघांना सारखा वेळ देणं काकाजींच्या न्यायबुद्धीला मानवत नाही. म्हणून त्यांनी वेळापत्रक केलं आहे. खरीप, रब्बी, उन्हाळी. कालव्याच्या आवर्तनांसारखं ते भिंतीवर टांगलेलं असतं आणि खाली टीप आहे: “उन्हाळी हंगामात अंडी पोर्चमध्ये साठवू नयेत. आवश्यकता भासल्यास वेळेत कपात करावी.” यंत्र सुरू झालं की काकाजी मीटरच्या पेटीपाशी जाऊन उभे राहतात. मीटरवरचा लाल दिवा एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो, असं त्यावरच लिहिलं आहे. किती लुकलुकला ते मोजलं की एका घाण्याची वीज निघते. सहाशेच्या घरात पोचले की नेमक्या काकू आतून हाक मारतात, “अवो, दूध आणता काय?” आणि मोजणी फसते. हे काकू मुद्दाम करतात असा काकाजींचा संशय आहे. माझाही आहे.

या सगळ्यात एक गोष्ट वर्ध्याच्या मातीचीही धरली पाहिजे. दुसऱ्या गावात अशा माणसाला लोक विक्षिप्त म्हणतील. इथे प्रयोग म्हटलं की मान मिळतो. १९३४ मध्ये इथल्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ आला आणि कुमारप्पांच्या देखरेखीखाली घाणी, कागद, गूळ, मधमाश्या, सगळ्यांवर प्रयोग झाले. धूर न करणारी मगन चूल तिथलीच. गांधीजींनी १९३५ मध्ये मगनवाडीच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं, आणि आज आमच्या जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, फक्त ते जेवणात नसतं. पलीकडे पवनारला विनोबांनी पैशाशिवाय जगण्याचा कांचनमुक्तीचा प्रयोग केला. तेव्हा मगन चूल ते एअर फ्रायर अशी परंपरा काकाजी सहज जोडून टाकतात. “धूर नाही, जळण नाही. कुमारप्पा असते तं पाहाले आले असते.” कुमारप्पांनी आधी यंत्र कुठल्या गावात बनलं असं विचारलं असतं, हे मी बोलत नाही.

काकूंसाठी काकाजींकडे याहून मोठा हुकमाचा पत्ता आहे. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात निर्जीव अंड्याची वेगळी दखल आहे: ज्यातून पिल्लू निघायचंच नाही असं अंडं खायला दूध पिणाऱ्याची हरकत नसावी, असा त्याचा आशय. काकाजींनी ते पान सेवाग्रामच्या पुस्तकाच्या दुकानातून आणलेल्या प्रतीत खूण घालून ठेवलं आहे. एका एकादशीला त्यांनी ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. काकू साबुदाणा भिजवत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग बापूंनी सेवाग्रामात खाल्ली काय?”

काकाजी म्हणाले, “तो मुद्दा नाही.”

“मंग कोणता होय?”

पान बंद झालं.

बाहेरच्या जगातही त्यांना फारसा न्याय मिळाला नाही. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी अंड्याची गाडी लागते. जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे गाडीवर अंधार पडल्यावर गर्दी का वाढते हे कुणी कुणाला विचारत नाही. एका संध्याकाळी काकाजी एमबी घेऊन तिथे गेले आणि गाडीवाल्याला पाणी, गॅस, वेळ यांच्या बचतीचा तक्ता दाखवला. गाडीवाला कांदा चिरता चिरता ऐकत होता.

“एका टायमाले किती निघते?”

“सहा.”

“सहा डझन?”

“सहा नग.”

गाडीवाल्याने तीस-तीसचे रिकामे ट्रे एकावर एक रचलेले होते, त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. माणूस सभ्य होता, पुढे बोलला नाही. उलट काकाजींना उकडलेलं अंडं दिलं, तिखट-मीठ लावून, आणि ते त्यांच्यासमोर असं सोललं की टरफल एका झटक्यात टोपीसारखं निघालं. काकाजींची अंडी त्या दिवसांत सोलताना चंद्रासारखी खड्ड्याखड्ड्यांची होत. एमबीत “हनीकोंब” असा शेरा पडे. त्यांनी रहस्य विचारलं. “ताजं अंडं नाही सोलत, काकाजी. चार-सहा दिवस पडू द्याचं.”

यावर काकाजींनी दोन आठवडे घालवले. रोजची ताजी अंडी तारीख टाकून ठेवली, एकेक सोलली, फोटो काढले. निष्कर्ष असा: टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर जातो, पांढऱ्याची आम्लता कमी होते आणि पांढरा आतल्या पापुद्र्याला पहिल्यासारखा चिकटत नाही. म्हणजे चार-सहा दिवस पडू द्यायचं. काकाजींनी हा निष्कर्ष छापील अक्षरात लिहून गाडीवाल्याला दिला. त्याने वाचला, घडी केली आणि त्यात मीठ बांधून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलं.

अंड्यांची चव कशी झाली हे ठरवायला काकाजींकडे परीक्षक मंडळ आहे: वरच्या खोलीत भाड्याने राहणारी तीन पोरं. कॉलेजात शिकतात आणि कायम भुकेली असतात. चव, घट्टपणा, सोलाई, तिन्हींना दहापैकी गुण द्यायचे आणि सही करायची, असा दंडक आहे. पोरं सगळ्याला नऊ देतात. दहा दिले तर काकाजी प्रयोग थांबवतील आणि आठ दिले तर दुसऱ्या दिवशी लेक्चर, हे त्यांना पहिल्याच महिन्यात उमगलं. खरी भूक लागते तेव्हा ती रात्री बारा वाजता चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत अंडी उकडून खातात, हे सगळ्या लेआउटला ठाऊक आहे. काकाजींना कळलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिना चढून गेले आणि विचारलं, “किटलीत टाइम किती लागते?”

पण काकाजींना खरं पाहायचं असेल तर जुलैमधली ती संध्याकाळ सांगितली पाहिजे. पोरांची परीक्षा होती, काकाजींनी सहा अंडी लावली होती. टायमरवर सात मिनिटं उरलेली, आणि लाइन गेली.

लाइन गेली की आमचा लेआउट घराबाहेर येतो. काकाजी यंत्रासमोर टॉर्च आणि स्टॉपवॉच घेऊन बसले होते, टोपलीला कुणी हात लावू नये म्हणून एक हात आडवा. प्रश्न असा होता की नऊ मिनिटं शिजलेलं अंडं बंद यंत्रात किती शिजतं, आणि लाइन आल्यावर सात द्यायची, कमी द्यायची की नव्याने सोळा. बँकेतून निवृत्त झालेले भाऊ म्हणाले, शिल्लक सात आहे तर सातच, हिशेबात ढवळाढवळ नको. एक गुरुजी म्हणाले, सोळा आणि सात यांची सरासरी घ्या. टीडीएसवाले म्हणाले, तुमच्या पाण्याचाच प्रॉब्लेम आहे. इथे पाणीच नाही हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले, तोच तर प्रॉब्लेम आहे. पोरं पायरीवर पुस्तक उघडून मोबाइलच्या उजेडात बसली होती आणि पान उलटत नव्हती.

काकूंनी आतून सांगितलं, “अवो, मागच्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा गंज आहे. टाका त्यात अन् मोकळे व्हा.”

काकूंनी अंड्यासाठी आपली मागची चूल देऊ केली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सगळे काकाजींकडे पाहू लागलो. अशी संधी माणसाच्या आयुष्यात एकदा येते आणि शहाणा माणूस ती घेतो.

“पाण्यात टाकलं तं टेंडरच बदलते,” काकाजी म्हणाले.

काकूंनी दार लावून घेतलं.

चाळीस मिनिटांनी लाइन आली. यंत्र मधल्या वेळात सगळं विसरलं होतं आणि १८० दाखवत होतं. काकाजींनी ते १३० वर आणलं, वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली आणि साडेपाच मिनिटं दिली. क्युरिंग झालं. पहिलं अंडं फोडलं, उत्तम. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं उत्तम. बँकवाल्यांनीही टाळी दिली. सहावं एका पोराने घाईने दातानेच फोडलं आणि त्याच्या शर्टावर पिवळा ओघळ उतरला. काकाजींनी शर्टाकडे पाहिलं, मग टोपलीकडे. “हे कोपऱ्यातलं होतं,” ते म्हणाले, आणि एमबीत नोंद केली: “नग ५ स्वीकृत. नग १ दुरुस्तीस पात्र.”

मार्गशीर्षात भरताची वांगी बाजारात आली. काकूंच्या नागपूरच्या बहिणीने फोनवर सांगितलं की एअर फ्रायरमध्ये वांगं झकास भाजतं. काकूंनी मुलाला फोन करून दुसरा एअर फ्रायर मागवला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि स्वयंपाकघरात ओट्यावर बसवला. पोर्चमधल्याची सावलीही याच्यावर पडणार नाही, एवढी एकच अट. काकाजींनी उत्साहाने वांग्याचं एस्टिमेट केलं: वजन, व्यास, सालीची जाडी, छिद्रं किती पाडायची. दोन पानं झाली. ती काकूंनी डब्याखाली घातली आणि वांग्याला तेलाचा हात लावून यंत्र सुरू केलं.

काकाजींना आत यायची मनाई, कारण ते अंड्याच्या यंत्राला हात लावून आले होते. ते दारात उभे राहिले.

“किती डिग्री लावलं?”

“जेवढं लागते तेवढं.”

“टाइम?”

“मऊ होईस्तोवर.”

“वजन तरी केलं होतं?”

“कोणाचं? वांग्याचं का तुमचं?”

भरीत फर्मास झालं होतं. आम्हालाही वाटीभर आलं, वरून कच्चा कांदा आणि लसणाची चरचरीत फोडणी. काकाजींनी ताटाशेजारी एमबी उघडली, “वांगं, नग १” असं लिहिलं, पुढचे चार रकाने मोकळे सोडले आणि दुसरी भाकर मागितली.